एकही चलान नाही

सोनपेठ, ८ जुलै २०२४

प्रिय मामा,

पाया पडते. पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून कागद घेतला त्याला कारण तुमचे कान. मशीन लावूनही तुमच्याशी इतकं ओरडून बोलावं लागतं की आमच्या घरातली गोष्ट आधी गल्लीला कळते आणि मग तुम्हाला. मोबाईलवर लिहावं तर आमचे हे माझा मोबाईल दिवसातून दोनदा उघडून बघतात. संशयानं नाही, सवयीनं. म्हणून उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा, वर 'ग्रंथपाल' लिहा. पोस्टमन थेट माझ्या टेबलावर आणून ठेवतो.

यांचं काम तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी सोनपेठच्या लॅबमधून रक्ताचे नमुने बर्फाच्या पेटीत घ्यायचे, गंगाखेडला पालमहून एसटीनं आलेली पेटी उचलायची आणि साडेअकराच्या आत परभणीच्या मोठ्या लॅबमध्ये पोचवायचं. पाच मिनिटं उशीर झाला तर नमुने उद्यावर जातात आणि लॅबवाला तोंडाला येईल ते बोलतो. पालमची एसटी काही वेळेवर येत नाही. मग सगळी कसर गंगाखेड-परभणी रस्त्यावर भरून काढायची. गाडी तुमचीच, मागच्या वर्षी धोंडे जेवायला बोलावून तुम्ही यांच्या ताटाशेजारी जिची किल्ली ठेवली होतीत ती. कागद अजून तुमच्याच नावावर आहेत.

तर संक्रांतीनंतर यांनी त्या गाडीच्या पुढच्या नंबर प्लेटला दोन्ही बाजूंनी काडेपेटीएवढ्या काळ्या डब्या बसवून घेतल्या. ऑनलाईन मागवल्या. लेझर जॅमर म्हणतात. पोलीस रस्त्याकडेला जीप लावून वेग मोजायचं यंत्र रोखून बसतात ना, त्यातून न दिसणारा प्रकाश गाडीवर येऊन परत जातो आणि त्यावरून वेग कळतो. या डब्या म्हणे उलटा प्रकाश मारून त्या यंत्राला आंधळं करतात. आत शिट्टी वाजते, मग आपण वेग कमी करायचा.

मी विचारलं, हे कायद्यात बसतं का? तर म्हणाले, "बसत नसतं तर इकलं असतं का कुणी? आन् हे बघ, सा म्हैने झाले, एक बी चलान आलं न्हाई. लय भारी चीज हाय."

मी रोज सकाळी दारात उभी राहून "हळू जा" म्हणते. ते "हो" म्हणतात. मामा, मला रात्रंदिवस एकच भीती आहे, हे एक दिवस कुणाला तरी मारतील किंवा स्वतः मरतील. तुम्ही पस्तीस वर्षं कोर्टात काढलीत, तुमच्या कायद्याच्या ज्ञानाला ते मानतात. दोन गोष्टी लिहा. हे यंत्र कायदेशीर आहे का, आणि ते खरंच चालतं का. तुमचं पत्रच यांच्यापुढे ठेवते.

तुमची,
राजेश्री

*

परभणी, १५ जुलै २०२४

चि. राजेश्री,

आम्हा दोघांचे आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मोबाईलच्या काळात पोस्टमननं दारात हाक मारली म्हणून तुझी मामी धावत बाहेर आली, आणि मला न विचारता पाकीट तिनंच फोडलं.

मी बार रूममध्ये जाऊन बुद्धभूषण वकिलांना गाठलं. माझ्यासमोर वकिलीला लागलेला मुलगा, आता केस पिकलेत. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो.

आपल्या मोटार कायद्यात या यंत्राचं नाव कुठेही नाही. रेडिओच्या लहरी अडवणारं यंत्र असतं तर गोष्ट वेगळी, पण हा प्रकाश आहे. तरीही नाव नाही म्हणजे मोकळीक आहे असं कुणी समजू नये. पोलिसांना काम करता येऊ नये एवढ्याचसाठी जी वस्तू लावली, ती सरकारी कामात अडथळा धरली जाऊ शकते. शिवाय कंपनीनं न दिलेली वस्तू गाडीला बाहेरून जोडली, तो निराळा मुद्दा. आणि उद्या काही विपरीत घडलं तर ती वस्तू गाडीवर सापडणं फार वाईट. विकायला आहे म्हणून कायदेशीर आहे, या म्हणण्यावर तर वकीलसाहेब हसले.

चालतं का ते मला विचारू नकोस. मला त्यातलं काय कळतं? पण नसावं असं वाटतं.

पत्र त्यांच्यापुढे ठेवायचं तर जरा वेळ बघून ठेव. आमच्या नीलमच्या लग्नात मी चारचौघांत त्यांना "गाडी सावकाश चालवा" एवढंच म्हणालो होतो, तर तुला वर्षभर माहेरचा उंबरा दिसला नाही. गाडी देऊन कशीबशी गोडी झाली. तुझी मामी म्हणते, "जावयाला शिकवायला जाऊ नका, सोसावं पोरीला लागतं." तिचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस, तेव्हापासून इथेच वाढलीस, आणि तू न आलेल्या त्या एका वर्षात हे घर कसं झालं होतं ते आमचं आम्हाला माहीत.

तुझा,
अण्णासाहेब मामा

*

सोनपेठ, ५ ऑगस्ट २०२४

प्रिय मामा,

तुमच्या पत्राचं काय झालं ते ऐका. यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, "कायद्यात या यंत्राचं नाव कुठेही नाही" एवढ्या ओळीचा फोटो काढला आणि ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचे मामा, कोर्टातले शिरस्तेदार'. पुढचं सगळं अंगठ्याखाली झाकलं. आता तीन जण यांच्याकडून डब्यांचा पत्ता घेऊन गेलेत. तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि खूप खूश आहेत तुमच्यावर.

मग मला पटावं म्हणून गुरुपौर्णिमेच्या रविवारी मला गाडीत घालून निघाले. गंगाखेड सोडलं आणि काटा वर चढायला लागला. दैठण्याच्या अलीकडे शिट्टी वाजली. यांनी पाय काढला, गाडी सत्तरवर आली, आणि पुढे लिंबाखाली खरंच पोलिसांची जीप. आम्ही समोरून गेलो, कुणी हातसुद्धा केला नाही. हे म्हणाले, "बघितलं? आता चलानाची वाट बघ म्हैनाभर."

पंधरा दिवस वाट बघते आहे. काही आलं नाही. खरं सांगते मामा, मलाही आता वाटायला लागलंय की यंत्र चालत असेल. निदान गाडी त्या शिट्टीनं हळू तरी होते.

पण एक शंका मनातून जात नाही. गाडी तुमच्या नावावर आहे. चलान आलंच तर ते यांच्या मोबाईलवर येईल की तुमच्या? मी यांना विचारलं तर म्हणाले, "टोलचे मेसेज माझ्याकडं येतेत, मंग चलान कुठं जाईल?" मला ते पटलं, आणि पटलंही नाही. तुमच्याकडे काही आलं असेल तर एका ओळीत कळवा. एक चलान जरी यांच्यापुढे ठेवता आलं तरी त्या डब्या मी स्वतः उपटून फेकीन. नसेल आलं तर मी गप्प बसते. रोज रोज बोलून माझंही तोंड दुखायला लागलंय.

राजेश्री

*

परभणी, १२ ऑगस्ट २०२४

चि. राजेश्री,

आशीर्वाद. माझ्याकडे काही आलेलं नाही.

मामीनं लिंबाचं लोणचं घातलंय, तुझी बरणी वेगळी काढून ठेवली आहे. पंचमीला तुझं येणं झालं नाही, गौरीला तरी ये. योगीराजरावांनाही घेऊन ये. त्यांना वेगळं दोन ओळींचं पत्र जोडतो आहे. त्यात गाडीचे कागद त्यांनी आपल्या नावावर करून घ्यावेत असं सुचवलंय. म्हातारा माणूस, आज आहे उद्या नाही, एवढंच कारण लिहिलंय. त्यांचा काही गैरसमज होणार नाही असं बघ.

माझी तब्येत ठीक. झोप जरा कमी झाली आहे.

मामा

*

सोनपेठ, २९ ऑगस्ट

मामा,

नमस्कार. मी पत्र लिवायलाय हे बघून राजेश्री हसायलीय. शाळेत निबंधाला चार मार्क पडायचे मला, तवा चुकभूल माफ करा.

गाडीच्या कागदाचं तुमी लिवलं. मामा, धोंड्यात दिलेल्या वस्तूच्या नावासाठी ऑफिसात चकरा मारायच्या म्हंजे मला बरं वाटत न्हाई. तुमचं नाव गाडीवर हाय तर मला बी धीर वाटतोय. काचेवर 'मामांची कृपा' असं लिवून घेतलंय मागच्या म्हैन्यात, ते उगी न्हाई.

राजेश्रीनं तुमाला काय बाय लिवलं आसल. तिला सांगा, मी काय हौसंनं पळवत न्हाई. पेटीत कुणाचं तरी रक्त असतंय. मागं एका लेकराचं डेंगीचं सॅम्पल होतं, मी बारा मिनिटं आधी पोचलो म्हणून त्याच दिवशी रिपोर्ट निघाला. त्याचा बाप मला पेढे घेऊन आल्ता. हळू जाणाऱ्याला कुणी पेढे देतं का?

यंत्राचं म्हणाल तर एकदम खात्रीचं. तुमच्या आशीर्वादानं आजपस्तोर एकही चलान न्हाई. तुमच्या स्कूटीला बसवायचं का बोला, हाहा.

मामीला नमस्कार. लोणच्याची बरणी पोचली, दोन दिवसांत अर्धी केली.

तुमचा,
योगीराज

*

सोनपेठ, २२ नोव्हेंबर २०२४

मामा,

फोनवर नीलमनं तुम्हाला अर्धवट सांगितलं असेल. पोलिसांची नोटीसही मिळाली असेल, मालक म्हणून. सगळं नीट लिहिते, कारण बोलताना माझा आवाज राहत नाही.

शनिवारी, ९ तारखेला, सकाळी अकराला पाच कमी असताना यांच्या गाडीखाली एक बाई गेली. पंचफुला नाव. दैठण्याच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं गाव आहे. मजुरीनं कापूस वेचायला निघाली होती. सोबत तिची मुलगी, अपेक्षा. बारावीला आहे, दिवाळीची सुट्टी म्हणून आईबरोबर चालली होती. ती चार पावलं मागे होती, वाचली. बाई जागेवरच गेली.

हे पळून गेले नाहीत, थांबले. त्यांनीच फोन केला. पण पोलीस यायच्या आत पुढच्या त्या डब्या उपटून काढल्या आणि रक्ताच्या नमुन्यांच्या पेटीत, बर्फाखाली घातल्या. जामीन झाल्यावर पेटी घरी आली, ती धुवायला घेतली तेव्हा माझ्या हाताला लागल्या. ते दारात उभे होते. म्हणाले, "शिट्टी वाजली. मी लिंबाखाली बघितलं, जीप हाय का म्हणून. जीप नव्हती. म्होरं बघितलं तर बाई."

मामा, त्यांनी रस्त्याऐवजी झाडाखाली बघितलं. पोलीस तिथे नव्हतेच. ती शिट्टी अशीच वाजते, कधी ट्रकच्या दिव्यानं, कधी उसाच्या ट्रॉलीवर ऊन चमकलं म्हणून. हे त्यांनाही माहीत होतं.

जबाबात त्यांनी वेग पन्नास-साठ सांगितलाय. माझे सासरे दिनकरराव चार माणसं घेऊन त्या गावाला जाऊन आले. आता सगळे एकच बोलतात, बाई न बघता मध्ये आली. पंचनाम्याला उभे राहिलेलेही तेच बोलतात. पोरगी म्हणते गाडी फार जोरात होती, तर तिला सांगतात, तू लहान आहेस, घाबरलीस. आमचे वकील म्हणाले, काळजी नको, गाडीवर एकही चलान नाही, हा माणूस किती जपून चालवतो याचा हाच पुरावा. सासऱ्यांनी हे वाक्य पाठ केलंय. आल्यागेल्याला ऐकवतात.

डब्या माझ्या कपाटात साड्यांखाली आहेत. त्या पोलिसांना द्यायच्या का? दिल्या तर हे आत जातील. नाही दिल्या तर मेलेल्या बाईच्या डोक्यावर तिच्याच मरणाचा दोष राहील. मला झोप नाही, अन्न जात नाही. तुम्हाला चौकशीत काय विचारतील, आणि तुम्ही काय सांगाल?

राजेश्री

*

परभणी, २८ नोव्हेंबर २०२४

राजेश्री,

हे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहितो आहे. मामीला वाचून दाखवलेलं नाही.

गाडीवर चलानं आहेत. नऊ आहेत. पहिलं मागच्या वर्षीच्या दिवाळीआधीचं, शेवटचं या ऑक्टोबरातलं. प्रत्येक वेळी मेसेज माझ्या मोबाईलवर आला, कारण गाडी घेताना मी माझा नंबर दिला होता. प्रत्येक वेळी मी सेवा केंद्रात जाऊन दंड भरून आलो. तिथल्या पोरानं एकदा विचारलं, "काका, या वयात एवढी फास्ट चालवता?" मी हसून वेळ मारून नेली.

प्रत्येक चलानाला फोटो असतो. खाली वेग लिहिलेला असतो. संक्रांतीनंतरच्या सहा फोटोंत नंबर प्लेटशेजारी त्या दोन डब्या स्वच्छ दिसतात, म्हणजे तू पहिलं पत्र लिहिलंस त्याच्या आधीपासून मी त्या बघत होतो. पोलिसांचं यंत्र खूप लांबून वेग टिपतं. आत शिट्टी वाजून पाय निघेपर्यंत त्यांचं काम झालेलं असतं. ते यंत्र एकदाही चाललेलं नाही, बाळ. त्याच्या जागी मी चाललो.

गुरुपौर्णिमेच्या रविवारचाही फोटो आहे. एकशे अठरा. काचेमागे तू बसलेली आहेस, तुझी हिरवी साडी ओळखू येते. तू विचारलंस, काही आलं का, एका ओळीत कळवा. तेव्हा तो फोटो माझ्या टेबलावर होता. तो बाजूला सरकवला आणि लिहिलं, माझ्याकडे काही आलेलं नाही.

का, ते सांगतो. सबब म्हणून सांगत नाही. पहिलं चलान आलं तेव्हा मामी म्हणाली, "धोंड्याला दिलेल्या गाडीचा दंड जावयाकडं मागता का? लोक तोंडात शेण घालतील." मलाही ते खरं वाटलं. जावयाचा मान ठेवायचा असतो, हे आपल्या हाडात मुरलेलं. दुसरं आलं तेव्हा नीलमच्या लग्नानंतरचं ते वर्ष आठवलं. परत तू यायची बंद होशील, ही भीती. तिसऱ्यापासून तर सवयच झाली. कागद नावावर करून घ्या असं लिहिलं, म्हणजे मेसेज तरी परस्पर त्यांच्याकडे जातील. एवढंच धैर्य झालं माझं.

मी कायद्याचा माणूस. कोर्टात लोकांनी खरं सांगावं म्हणून शपथेची वाक्यं ओरडण्यात जन्म गेला. आणि घरातल्या पोरीनं सरळ विचारलं तर खोटं लिहिलं. पंचफुलाबाई मेली त्यात माझा हात आहे. हे मी आता उघड लिहितो, म्हणजे परत मागे घेता येणार नाही.

नऊही चलानं छापून ठेवली आहेत. तपास अधिकाऱ्याकडे नेऊन द्यावीत असं वाटतं. पण दिली तर योगीराजरावांचं काय होईल आणि त्या घरात तुझं काय होईल, याचा विचार करून पाय उचलत नाही. तू म्हणशील तसं करतो. दे म्हणालीस तर देतो, नको म्हणालीस तर देत नाही.

मामा

*

सोनपेठ, ५ डिसेंबर २०२४

मामा,

मला विचारू नका.

तेवढी एक गोष्ट तरी तुमची तुम्ही करा. माझं काय होईल म्हणून तुम्ही चलानं दडवलीत, आणि आता माझं काय होईल म्हणूनच मला विचारता आहात. मी नको म्हणाले तर तुम्ही सुटलात. दे म्हणाले तर नवऱ्याला आत घालणारी मी. दोन्हीकडून तुमचे हात मोकळे. पस्तीस वर्षं कोर्टात राहून माणूस एवढं शिकतो?

मी चिडून लिहिते आहे, आणि चिडूनच लिहिणार. सात वर्षांची असल्यापासून तुमच्या घरात कुणी माझ्यावर आवाज चढवला नाही. मला जपलंत. इतकं जपलंत की खरं काय ते मला माहीत असायला हवं, हे तुमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तुमची ती ओळ वाचली त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं. हसू आलं होतं स्वतःचंच, की आपण उगीच भिऊन मरत होतो. तेव्हापासून सकाळी दारात उभं राहणं सोडलं. "हळू जा" म्हणणं सोडलं. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत एकदाही म्हणाले नाही. नऊ तारखेला हे निघाले तेव्हा मी आत भाजी चिरत होते, आतूनच विचारलं, परभणीहून येताना सीताफळं आणाल का.

रविवारचा तो फोटो मला पाठवा. त्यात मी हसत होते का ते मला बघायचंय. मला आठवतं तसं, हसतच होते.

राजेश्री

*

परभणी, १४ डिसेंबर २०२४

राजेश्री,

काल जाऊन आलो. तपास अधिकाऱ्यापुढे नऊही कागद ठेवले आणि जबाब लिहून दिला. गाडी माझी, चलानं मला आली, मी ती जावयापासून आणि भाचीपासून लपवून भरली, एवढं सगळं. त्या डब्यांचंही सांगितलं, फोटोवर बोट ठेवून. त्या कुठे आहेत हे सांगितलं नाही. ते तुझं आहे.

अधिकारी तरुण होता. त्यानं सगळं वाचलं आणि विचारलं, "साहेब, जावयाविरुद्ध जबाब देताय, घरी विचारलंय ना?" मी म्हटलं, नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात मालक म्हणून माझंही नाव येईल. येऊ दे.

परत आलो तर मामी माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी ताट वाढलं आणि म्हणाली, "आता पोरगी गेली आपली." मी जेवलो नाही.

फोटो जोडतो आहे. तू विचारलं होतंस ते मी नाही लिहीत. तूच बघ.

नऊही कागदांची एक प्रत मी योगीराजरावांना त्यांच्या नावानं पोस्टानं पाठवली आहे. आतापर्यंत पोचली असेल. दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं, एवढाच हेतू. सोबत दोनच ओळी लिहिल्या, हे मी आधी दाखवायला हवं होतं. घरात काही कमीजास्त झालं तर तडक निघून ये. दार उघडं आहे.

मामा

*

सोनपेठ, २७ डिसेंबर २०२४

मामा,

पाकीट पोचलं. यांनी ओट्यावर बसून नऊही कागद मांडीवर पसरले आणि दुपारभर बघत राहिले. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, तुमच्या नावानं शिव्या होतील. तसलं काही झालं नाही. ऊन उतरल्यावर आत आले आणि मला विचारलं, "मंग ती शिट्टी कशाची वाजायची?" लहान लेकरानं विचारावं तसं. त्यानंतर ते आजतागायत कुणाशी बोललेले नाहीत. सासरे मात्र बोलले. तुमचं नाव या घरात घ्यायचं नाही, आणि घ्यायचं असेल तर घरात राहायचं नाही. मी शाळेजवळ एक खोली घेतली आहे. रोज दोन वेळचा डबा यांना नेऊन देते, तो सासूबाई गुपचूप आत घेतात.

डब्या मी स्वतः ठाण्यात दिल्या. यांना सांगून गेले. ते खाली मान घालून होते, नको म्हणाले नाहीत.

तुमच्याकडे येणार नाही, मामा. राग आहे, पण रागामुळे नाही. तुमच्या घरात आले की मामी मला गरम वाढेल, तुम्ही मला वाईट बातमीचा पेपरसुद्धा दिसू देणार नाही, आणि महिन्याभरात मला पुन्हा सगळं ठीक वाटायला लागेल. मला ते नको आहे. मामीला सांगा, पोरगी गेली नाही, पण आता येणारही नाही. पत्र लिहा. खरं असेल तेच लिहा, मग दोन ओळी का असेनात.

फोटो बघितला. हसत होते.

काल त्या गावाला गेले होते. घरात घेतील असं वाटलं नव्हतं, घेतलंही नाही. अपेक्षा बाहेर आली. मी कोण ते सांगितलं, तुमच्या जबाबाचं सांगितलं, डब्यांचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या लोकांनी सांगितलंय आई न बघता आली. माझा जबाब कुणी धड घेतलाच न्हाई." मी म्हटलं, मी येते तुझ्यासोबत, पुन्हा घ्यायला लावू. आज आम्ही दोघी ठाण्यात गेलो. तिचा बाप मागे मागे आला, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

लिहून घेणाऱ्या जमादारानं विचारलं, आईनं रस्ता ओलांडताना बघितलं होतं का?

अपेक्षा म्हणाली, "दोन्हीकडं बघितलं. गाडी दिसली बी होती. मलाच म्हणली, लय लांब हाय, चल."

राजेश्री